सेनिओचे दोन नकाशे: एक खेळाडूंचा, एक पंचाचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी इटलीतल्या सेनिओ नदीवर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियननं हल्ला चढवला. त्यातल्या पराक्रमाबद्दल शिपाई नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यावर तुम्ही कंपनी पातळीचा वॉरगेम, म्हणजे लढाईचा टेबलावरचा खेळ, बसवताय. आजच्या उपग्रहचित्रावर षटकोनांची जाळी टाकून खेळून पाहिलंत, पण मराठा कंपनी दर वेळी नदी गाठायच्या आतच गारद होते. म्हणून तुम्हाला त्या काळचे नकाशे आणि विमानातून काढलेले फोटो हवेत, जमलं तर फुकट. खेळ बरा झाला तर छापून विकायचाही विचार आहे.

नकाशे मिळतील, फोटोही बहुधा मिळतील. पण तुमचा खेळ अडलाय तो नकाशा नवा आहे म्हणून नव्हे. एकाच कागदाकडून तुम्ही दोन कामं करून घेताय. हल्ल्याआधी कंपनी कमांडरच्या हातात जो नकाशा होता तो एक, आणि त्या संध्याकाळी प्रत्यक्ष जमीन जशी होती ती दुसरी. पहिला कागद खेळाडूंना द्यायचा असतो, दुसरा पंचाजवळ ठेवायचा असतो. या दोहोंत जी तफावत असते तिच्यातच खेळ असतो. तुमच्या टेबलावर दोन्ही बाजूंना सगळंच दिसतंय, त्यामुळे जर्मन मशिनगनवाला नदीपलीकडून निवांत नेम धरतो आणि विषय संपतो. शोधही म्हणूनच दोन वेगवेगळे करावे लागतात, आणि त्यांची साधनंही वेगळी आहेत.

सुरुवात नकाशापासून करूच नका. आधी मजकूर वाचा. जाधवांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं सन्मानपत्र १९४५ च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश राजपत्रात, छापलेलं आहे आणि ते मोफत वाचता येतं. शोधताना एक ध्यानात ठेवा: पलटणीच्या नावात 'मराठा'चं तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग 'एम-ए'नंतर 'एच' आणि पुढे दोन 'टी' असं होतं, आजच्या स्पेलिंगनं काही हाती लागत नाही. त्या सन्मानपत्रात जमिनीचं जे वर्णन आहे तसं कुठल्याच नकाशात मिळणार नाही. जागा सान पोलितोच्या उत्तरेला. नदीचं पात्र साधारण १५ फूट रुंद, पाणी ४ ते ५ फूट खोल, दोन्ही बाजूंना उभ्या चढाचे पूरबांध. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्वेकडच्या बांधाच्या, म्हणजे आपल्या बाजूच्याच बांधाच्या, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही अंगांना जर्मनांनी खंदक आणि बिळं पोखरली होती. आतल्या अंगाला सुरुंगही पेरले होते.

आता तुमच्या टेबलाकडे बघा. जर्मनांच्या सगळ्या मशिनगन तुम्ही पश्चिम तीरावर मांडल्या आहेत. प्रत्यक्षात नदी ओलांडणाऱ्या तुकडीवर गोळ्या आल्या त्या पूर्व बांधाच्या आतल्या अंगातून, म्हणजे नुकत्याच ओलांडलेल्या बांधातून, पाठीमागून. बांध चढून जाईपर्यंत मात्र तोच बांध पलीकडच्या माऱ्याला आडोसा होता. म्हणजे बांधाअलीकडच्या षटकोनांवर नदीपलीकडून नेम धरताच यायला नको. हा एक नियम बदललात तरी कंपनी पाण्यापर्यंत पोचेल. तिथं पोचल्यावर काय होतं ते सन्मानपत्रात आहेच: कंपनी कमांडर आणि आणखी दोघं जखमी, बाकीचे ठार, आणि उरलेल्या एकट्या जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, बांधावरून मागे आणलं. मग परत जाऊन तीन मशिनगन ठाणी बंद पाडली आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावलं. हे नियमांत कसं बसवायचं हा प्रश्न वेगळा. मी स्वतः एका माणसासाठी 'वीर' असा खास नियम करत नाही, पण तो आवडीचा भाग झाला.

आता खेळाडूंचा नकाशा. इटलीत मित्रराष्ट्रांनी वापरलेले नकाशे मूळ फ्लॉरेन्सच्या इटालियन लष्करी भूगोल संस्थेच्या मोजणीवर बेतलेले होते. ब्रिटिशांनी ते आपल्या मालिकांत पुन्हा छापले (जीएसजीएस म्हणजे ब्रिटिश लष्कराचा नकाशा विभाग): १:१,००,००० ची मालिका जीएसजीएस ४१६४, १:५०,००० ची ४२२९ आणि १:२५,००० ची ४२२८. कंपनी पातळीला शेवटचीच कामाची. शोधताना गावाचं नाव टाकण्यापेक्षा मालिकेचा आकडा आणि पत्र्याचं, म्हणजे शीटचं, नाव टाका. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयानं दोन्ही महायुद्धांतले नकाशे स्कॅन करून खुले ठेवलेत, सुरुवात तिथून करा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा पेरी-कास्टान्येडा संग्रह अमेरिकी लष्कराच्या नकाशांसाठी चांगला. पहिल्या महायुद्धातले फ्रान्स-बेल्जियमचे खंदकांचे नकाशे हवे असतील तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजच्या नकाशावर चढवून पाहायचीही सोय आहे.

मूळ इटालियन पत्रा हाती लागला तर एक गोष्ट डोक्यात ठेवा. त्यावरचे रेखांश ग्रीनिचपासून नव्हे, रोमजवळच्या मोन्ते मारिओपासून मोजलेले असतात. ग्रीनिचच्या हिशेबात तिथला रेखांश १२°२७′०८″ पूर्व आहे, तेवढी बेरीज-वजाबाकी करावी लागते. ब्रिटिश आवृत्तीवर याशिवाय रंगीत ग्रिड, म्हणजे जागा आकड्यांत सांगण्यासाठी चौकोनांची जाळी, छापलेलं असतं आणि युद्धडायऱ्यांतले (तुकड्यांच्या रोजच्या नोंदींतले) सगळे आकडे त्याच ग्रिडचे असतात. सहा आकडी संदर्भ म्हणजे १०० मीटरचा चौकोन. पण आकड्यांच्या आधीचं अक्षर गाळून नुसते सहा आकडे लिहिलेले असतील तर तोच संदर्भ दर १०० किलोमीटरवर पुन्हा येतो. आधी पत्रा निश्चित करा, मग आकडे लावा. जुन्या ब्रिटिश ग्रिडचे आकडे आजच्या अक्षांश-रेखांशांत बदलून देणारी मोफत साधनं आहेत. मी त्यांचं उत्तर एखाद्या ठाऊक असलेल्या चर्चवर किंवा पुलावर पडताळून पाहिल्याशिवाय वापरत नाही.

ग्रिड वाचायला कुणी शिकवणारं हवं असेल तर आपण नाशिककर भाग्यवान. देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे, त्यामुळे नाशिकरोड-देवळाली भागात तोफखान्यातून निवृत्त झालेली माणसं भेटतात. चहावर तासाभरात ग्रिड समजावून सांगतील. शिवाय आपलं शहरही या धड्याला सोयीचं आहे. २०° अक्षवृत्त नाशिकमधूनच जातं, आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे पत्रे तिथंच फुटतात. वरचं शहर ४६ एचमध्ये, खालचं ४७ ईमध्ये. घर एका पत्र्यावर आणि कॉलेज दुसऱ्यावर ही तऱ्हा इथं नेहमीची आहे. तुमच्या लढाईची जागाही पत्र्याच्या कडेला आली तर शेजारचा पत्रा मागवायला विसरू नका.

नुसत्या नकाशापेक्षा खेळाडूंसाठी आणखी मोलाची गोष्ट म्हणजे डिफेन्स ओव्हरप्रिंट. विमानातून काढलेल्या फोटोंचा आणि गस्तीच्या अहवालांचा अभ्यास करून शत्रूचे खंदक, मशिनगन, तारा, सुरुंग हे सगळं नेहमीच्या नकाशावर वेगळ्या रंगात छापायचे आणि खाली तारीख टाकायचे: अमुक दिवसापर्यंतची माहिती. त्या तारखेत तुमचा अर्धा खेळ आहे. ओव्हरप्रिंट आठवडाभर जुना असेल तर हल्ला करणाऱ्याला आठवडाभरापूर्वीचाच शत्रू दाखवा. ओव्हरप्रिंट नाही मिळाला तर तो आपण तयार करायचा, पण फक्त त्या बाजूला त्या दिवशी ठाऊक असलेल्या गोष्टींवरून.

हे कळायला युद्धडायऱ्या लागतात. इटलीतल्या सैन्याच्या डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १७० या मालिकेत आहेत. ब्रह्मदेशाच्या डब्ल्यूओ १७२ मध्ये. बहुतेक घरबसल्या मिळत नाहीत. तिथं स्वतःच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे तिकडे कुणी नातलग शिकायला असेल तर त्याला एक शनिवार मागा. आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, त्याचं अभिलेख पटल हे पोर्टल आधी चाळा.

पण सेनिओसाठी मी याच्याही आधी शेजाऱ्यांकडे जाईन. त्या संध्याकाळी आपल्या आठव्या भारतीय डिव्हिजनच्या डावीकडे दुसरी न्यूझीलंड डिव्हिजन त्याच नदीवर, तशाच बांधांवर चढून गेली. न्यूझीलंडचा दुसऱ्या महायुद्धाचा सगळा अधिकृत इतिहास, नकाशांसकट, वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठानं फुकट वाचायला ठेवलाय. बांधांची उंची, ज्वालाफेकी गाड्यांनी बांध कसे भाजून काढले, तोफांचा मारा मध्येच थांबवून जर्मनांना कसं चकवलं, असा तपशील तिथं भरपूर. त्याआधीच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीपर्यंत, सेनिओच्या काठावर कॅनडाचं कोअर (डिव्हिजनांचा मोठा गट) होतं, आणि कॅनडाच्या डायऱ्या स्कॅन होऊन खुल्या आहेत. गस्तीचे अहवाल वाचा, बांध-पाणी-सुरुंग यांची हवी तेवढी माहिती मिळेल. भारतीय पलटणींवर काम करताना माझी ही नेहमीची वाट आहे. आपला कागद मिळत नसेल तर आपल्या उजव्या-डाव्या बाजूला कोण होतं ते पाहायचं.

आता पंचाचा नकाशा, म्हणजे फोटो. १५ फुटांचं पात्र १:२५,००० च्या नकाशावर ०.१८ मिलिमीटर येतं. रेघच त्याहून जाड असते. त्यामुळे नकाशात फक्त 'इथं नदी आहे' एवढंच कळतं. फोटोचं प्रमाण भिंगाची नाभीय लांबी आणि विमानाची उंची यांवरून निघतं: ३६ इंची भिंग आणि ३०,००० फूट उंची असेल तर ३ फुटांना ३०,००० फूट, म्हणजे १:१०,०००. त्याच उंचीवर २० इंची भिंग असेल तर १:१८,०००. ब्रिटिश फोटोंच्या कडेला उड्डाणाचा क्रमांक, तारीख, वेळ, भिंग आणि उंची लिहिलेली असते. ती पट्टी कापलेला फोटो कितीही देखणा असला तरी मी दुय्यम धरतो.

हे फोटो मुख्यतः तीन ठिकाणी. एडिंबरामधला हवाई छायाचित्रांचा राष्ट्रीय संग्रह, ज्यात युद्धकाळातल्या मित्रराष्ट्रांच्या टेहळणीचे फोटो आहेत. वेबसाइटवर शोध फुकट, बारकाईनं पाहायला वर्गणी, आणि स्कॅन न झालेल्यांसाठी पैसे भरून शोध करवून घ्यावा लागतो. इटलीसाठी रोममधली राष्ट्रीय हवाई छायाचित्रशाळा, जिथं रॉयल एअर फोर्सनं काढलेले इटलीचे फोटो जपलेत. आणि अमेरिकेचं कॉलेज पार्क इथलं राष्ट्रीय अभिलेखागार, रेकॉर्ड ग्रुप ३७३, ज्यात जर्मनांकडून हस्तगत केलेले फोटोही आहेत. रशियन आघाडीवर खेळ करणाऱ्यांची ती खाणच. उद्या नॉर्मंडीकडे वळलात तर कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठात वायव्य युरोपचे एक लाखाहून अधिक फोटो आहेत, आणि फ्रान्सच्या भूगोल संस्थेचे जुने फोटो घरबसल्या मिळतात.

मागताना जागेचं नाव देऊ नका, अक्षांश-रेखांशांची चौकट द्या. फोटो त्या वेळी लक्ष्याच्या नावानं नोंदले गेलेत. ४ एप्रिल १९४४ ला दक्षिण आफ्रिकेच्या ६० स्क्वाड्रनचं विमान मोनोवित्झचा रासायनिक कारखाना टिपायला गेलं आणि त्याच्या कॅमेऱ्यात शेजारची ऑशविट्झची छळछावणीही आली. छावणी म्हणून ते फोटो ओळखले गेले १९७० च्या दशकाच्या अखेरीस. इतकी मोठी गोष्ट नोंदीत नसल्यामुळे एवढी वर्षं फायलीत पडून राहते, तिथं सेनिओकाठच्या फुसिन्यानो गावाजवळचा एक बांध नावानं कसा सापडणार? जवळचा रेल्वेपूल, स्टेशन, हमरस्ता यांवरची उड्डाणं बघा. त्यांच्या वाटेत तुमचा बांध येऊन जातो.

तारखेबद्दल लोक म्हणतात की हल्ल्याच्या जितक्या जवळची तितकी चांगली. खंदक, ताज्या पायवाटा, पाडलेली घरं यांसाठी हे खरं. उंचीसाठी मात्र हिवाळ्यातला फोटो घ्या. त्या अक्षांशावर ६ मीटर उंच भिंतीची सावली ९ एप्रिलला भर दुपारी साडेचार मीटरच्या आसपास पडते, डिसेंबरअखेरीस तीच जवळजवळ १५ मीटर होते. १:१०,००० च्या फोटोत एवढी सावली पट्टीनं मोजता येते. सावली बांधाच्या लांबीच्या दिशेनं पडत असेल तर हिशेब चुकतो, म्हणून फोटोची वेळ आणि बांधाची दिशा आधी पाहायची. आणि फोटो टेबलावर ठेवताना सावल्या आपल्याकडे पडतील असा ठेवा. उलटा ठेवलात की डोळा फसतो, बांध खंदकासारखे दिसतात आणि खंदक बांधासारखे. एकमेकांवर सुमारे ६० टक्के चढणारे लागोपाठचे दोन फोटो मिळाले तर स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे जोडीचे फोटो दोन डोळ्यांनी एकत्र पाहायच्या भिंगाखाली, बांध डोळ्यांदेखत उभा राहतो.

आता एक गोष्ट जी नाशिकच्या माणसाला लगेच कळेल. सेनिओच्या आजूबाजूच्या शेतांत द्राक्षवेलींच्या ओळी होत्या, झाडांच्या आणि तारांच्या आधारानं चढवलेल्या. फोटोत त्या बारीक रेघांसारख्या दिसतात आणि नवखा माणूस त्या सोडून देतो. तुम्ही पिंपळगाव-दिंडोरीकडच्या बागेत उभे राहून बघा: ओळीच्या दिशेनं बागेच्या टोकापर्यंत दिसतं, आडवं पाहिलं तर चार ओळींपलीकडे काही नाही. तिथल्या आणि इथल्या मांडणीत फरक आहे, पण नजरेच्या रेषेचा नियम हाच. त्यामुळे बागेच्या षटकोनाला नुसतं 'आडोसा' असं न लिहिता ओळींची दिशा दाखवणारा बाण काढा, त्या दिशेनं नजर मोकळी आणि आडवी बंद. पानांचं प्रमाण मोसमावर आहे. एप्रिलच्या सुरुवातीला तिकडे पालवी कोवळी असते, म्हणून आडवी नजर मी पूर्ण बंद न करता अर्धी धरली असती. हे खेळून ठरवा.

फोटो नकाशावर बसवायला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे, मोफत आहे. खुणेचे बिंदू म्हणून नदीची वळणं घेऊ नका, ती सरकतात. सेनिओजवळच्या लुगो-फाएन्झा भागात रोमन काळात आखलेल्या शेतांची चौकट अजून टिकून आहे, रस्ते आणि पाट काटकोनात जातात. ते चौक आणि रेल्वे फाटकं धरा, चर्चही चालतील, पण युद्धात उडालेलं चर्च पुन्हा तिथंच बांधलं का ते पाहून.

इटली सोडून आपल्याकडच्या १९६५ किंवा १९७१ वर खेळ करायचा असेल तर गणित बदलतं. हे इतके जण विचारतात की इथंच सांगून टाकतो. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ मध्ये काढलेले ८ लाखांहून अधिक फोटो १९९५ मध्ये खुले झाले. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थएक्सप्लोररवर ते चौकट आखून शोधता येतात. स्कॅन झालेले फुकट उतरवता येतात, न झालेल्यासाठी फ्रेममागे ३० डॉलर. शेवटच्या केएच-४बी कॅमेऱ्याची स्पष्टता जमिनीवर सुमारे १.८ मीटर, त्यामुळे १९६५ च्या युद्धातल्या असल उत्तरची शेतं आणि लाहोरजवळचा इच्छोगिल कालवा चांगले दिसतात. असल उत्तरची लढाई सप्टेंबरातली, तेव्हा पावसाळी ढग आड येतात. अशा वेळी त्याच मोसमातलं मागचं-पुढचं वर्ष चालवून घ्यायचं, ऊस त्याच सुमारास उभा असतो. फोटोची पट्टी लांबट असते आणि टोकांकडे ताणलेली, म्हणून पट्टीचा मधला भाग निवडा. ब्रह्मदेश आणि मणिपूरसाठी टेक्सासच्या संग्रहातली यू ५०२ आणि यू ५४२ ही १:२,५०,००० ची मालिका ब्रिगेड-डिव्हिजन पातळीला पुरते, कंपनीला नाही.

इथं कायद्याची एक बाजू आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या २००५ च्या धोरणापासून संरक्षण मालिका आणि खुली मालिका असे दोन वेगळे नकाशे आहेत. खुली मालिका वापरा. संरक्षण मालिकेचा पत्रा कुणी ओळखीतून देऊ केला तरी घेऊ नका, आणि देवळालीच्या निवृत्त मंडळींना तो मागून अडचणीत टाकू नका. परदेशी जुन्या नकाशांवर आपली सीमा वेगळी दाखवलेली असते. भारताची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारी छापणं हा गुन्हा आहे, तेव्हा पत्र्याचा लागेल तेवढाच तुकडा कापा किंवा स्वतः नवा काढा.

स्वतः नवा काढा हाच सल्ला सेनिओसाठीही, आणि त्यात तुमच्या विक्रीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. घरी खेळायला स्कॅन छापला तर कुणी विचारत नाही. विकायचं ठरलं की एडिंबराच्या फोटोला परवाना लागतो, ग्रंथालयांच्या स्कॅनला प्रत्येकाची वेगळी अट असते. त्या सगळ्यांवरून जमीन समजून घेऊन रस्ते, बांध, वेलींच्या ओळी हे नव्यानं रेखाटलंत तर नकाशा तुमचा होतो, शिवाय टेबलावर वाचायला सोपा जातो. पंचासाठी बांधाचा एक उभा छेद वेगळ्या कागदावर काढा: बाहेरचा उतार, माथा, आतला उतार, पाणी, पुन्हा तसंच. जर्मन ठाणी त्या छेदावर मांडा, वरून पाहिलेल्या नकाशावर नाही. चाचणीच्या प्रती फ्लेक्सवर काढू नका, त्याच्या चमकेमुळे बारीक रेघा दिसत नाहीत. कॉलेज रोडला आर्किटेक्ट लोकांची ड्रॉइंग काढून देणारे प्लॉटरवाले आहेत, त्यांच्याकडे साध्या कागदावर ए-वन आकारात काढा आणि पहिला खेळ खेळाडूंच्या प्रतीवर जर्मन ठाणी अजिबात न दाखवता लावा.